आमच्या लिक्विडमध्ये ‘एसएलईएस’ आहे. विकत राहू की बंद करू?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील वगळून; ‘एसएलईएस’ म्हणजे सोडियम लॉरेथ सल्फेट, फेस आणणारा पदार्थ):

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी आमचा दहा जणींचा बचत गट आहे. भांडी घासायचं लिक्विड आणि हँडवॉश आम्ही बनवतो. आठवडी बाजारात, दोन खानावळींत आणि एका वसतिगृहात माल जातो. एसएलईएसची पेस्ट, थोडी अ‍ॅसिड स्लरी (मळ काढणारं तीव्र आम्ल), कॉस्टिक सोडा (तीव्र अल्कली), मीठ, रंग, लिंबाचा वास आणि माल टिकायला जरासं फॉर्मॅलिन, अशी आमची रीत आहे. गेल्या महिन्यात माझी भाचेसून पुण्याहून आली होती. ड्रमवरचं नाव वाचून तिने मोबाइलवर काहीतरी उघडून दाखवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “मावशी, ह्याने कॅन्सर होतो. गॅरेजची फरशी धुतात ह्याने. तुम्ही लोकांना विष विकताय.” तेव्हापासून गटात दोन तट पडलेत. एकीच्या हातांची सालं निघतात, ती म्हणते बंदच करा. बाकीच्या म्हणतात, कर्जाचे हप्ते कोण भरणार? कुणी सुचवतं, पेस्ट सोडा, रिठ्यावर या. आमच्या स्टिकरवर ‘१००% हर्बल, केमिकलमुक्त’ असं लिहिलंय, वर कडुनिंबाचं चित्र आहे. छापणाऱ्याकडे तेच डिझाइन तयार होतं. आता कुणी म्हणतं ‘एसएलएस-फ्री’ही लिहून टाका, म्हणजे प्रश्न मिटला. दिवाळीपासून शॅम्पूही काढायचा विचार होता. आणि खरं सांगायचं तर दीड वर्षाच्या नातवाला मी आमच्याच हँडवॉशने अंघोळ घालते. ते तरी थांबवू का?

उत्तर:

ताई, तुमच्या भाचेसुनेने ड्रमवरचं नाव वाचलं, ही मला चांगलीच गोष्ट वाटते. एवढं कुणी वाचत नाही. सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, हे खरं. पण तिने तुमच्या शेडमधल्या ज्या वस्तूकडे बोट दाखवलं, तिच्याहून जास्त काळजी करावी अशा दोन-तीन वस्तू तिथेच शेजारी ठेवलेल्या आहेत, आणि त्यांतली एक तर स्टिकरच्या गठ्ठ्यात आहे. क्रमाने बोलू.

आधी ही पेस्ट काय आहे ते. खोबरेल तेलातून, आणि हल्ली बहुतेक वेळा इंडोनेशिया-मलेशियाहून येणाऱ्या पामच्या बियांमधल्या गराच्या तेलातून, लॉरिल अल्कोहोल नावाचा मेणचट पदार्थ काढतात. त्याच्यावर इथिलीन ऑक्साइड वायूची प्रक्रिया करतात, मग सल्फर ट्रायऑक्साइड आणि शेवटी कॉस्टिक. त्यातून निघते तुमची ती ७० टक्क्यांची घट्ट, मोत्यासारखी चमकणारी पेस्ट. आपल्याकडे तारापूर, तळोजा या औद्योगिक वसाहतींत हा माल बनतो. शॅम्पू, हँडवॉश, भांड्यांचं लिक्विड, कितीतरी बाटल्यांमध्ये हाच फेस करणारा पदार्थ असतो. इथिलीन ऑक्साइडची पायरी गाळली की जे मिळतं ते एसएलएस (सोडियम लॉरिल सल्फेट), म्हणजे टूथपेस्टमध्ये असतं ते. भाचेसुनेने वाचलेला मजकूर बहुधा एसएलएसबद्दल होता. दोन्ही सारख्याच घराण्यातले, पण त्वचेला एसएलईएस बरंच सौम्य पडतं.

दोघांचंही काम एकच. रेणूच्या एका टोकाला पाणी धरून ठेवायची सवय, दुसऱ्या टोकाला तेल. तेलाचं टोक खरकट्याच्या ओशटपणात घुसतं, पाण्याचं टोक त्याला ओढून नळाखाली नेतं. गॅरेजच्या फरशीवर ग्रीस सांडलेलं असतं, म्हणून तिथेही हेच चालतं. त्यात भिण्यासारखं काही नाही. फरशीवर ते कितीतरी तीव्र वापरतात, शॅम्पूत पाण्यात पातळ केलेलं असतं आणि मिनिटभरात धुवून टाकायचं असतं.

आता कॅन्सर. ही अफवा तुमच्या भाचेसुनेच्या मोबाइलपेक्षा जुनी आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ती साखळी-ईमेलमधून फिरत होती, गॅरेजच्या फरशीसकट. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने तेव्हाच ती खोडून काढली. एसएलएसची तपासणी अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधन घटकांच्या तज्ज्ञ समितीने १९८३ मध्येच केली होती. धुवून टाकायच्या वस्तूंमध्ये ते सुरक्षित आहे, आणि त्वचेवर राहणाऱ्या वस्तूंमध्ये प्रमाण १ टक्क्याच्या वर जाऊ नये, असा तिचा निष्कर्ष. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या कर्ककारकांच्या यादीत एसएलएस किंवा एसएलईएस हे नाव नाही.

तरीही एक गोष्ट लपवणार नाही, कारण उद्या भाचेसून ती शोधून काढेलच. इथिलीन ऑक्साइडच्या पायरीवर १,४-डायऑक्सेन नावाचा पदार्थ अगदी थोड्या प्रमाणात तयार होतो आणि पेस्टमध्ये उरतो. तो त्याच संस्थेच्या ‘२-बी’ गटात, म्हणजे ‘माणसाला कर्ककारक असण्याची शक्यता’ या गटात आहे. चांगला कारखाना निर्वात प्रक्रियेने तो बराचसा काढून टाकतो. न्यूयॉर्क राज्याने साफसफाईच्या तयार मालात तो दहा लाख भागांत १ भाग एवढाच चालेल, अशी मर्यादा २०२३ अखेरपासून लावली. म्हणून पेस्ट घेताना ड्रमचा बॅच नंबर आणि त्याचा तपासणी दाखला मागा. दुकानदार त्याला ‘सीओए’ म्हणतात. त्यात सक्रिय घटक किती, पीएच (आम्ल-अल्कलीचं माप) किती आणि डायऑक्सेन किती पीपीएम (दहा लाखांत किती भाग), हे लिहिलेलं आहे का ते बघा. “ताई, असला कागद कुणी मागत नाही,” असं उत्तर मिळालं तर दुकान बदला. सुटी, बिनझाकणाची, दोन रुपये स्वस्त पेस्ट घेऊ नका.

पण कॅन्सरचीच भीती असेल, तर पेस्टच्या ड्रमशेजारची ती छोटी बाटली बघा. फॉर्मॅलिन म्हणजे पाण्यात विरघळवलेला फॉर्माल्डिहाइड, साधारण ३७ टक्के. त्याच कर्करोग संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला पहिल्या गटात टाकलं. म्हणजे ‘शक्यता’ वगैरे नाही, माणसाला कर्ककारक. ग्राहकाच्या भांड्यावर पाण्याने धुतल्यावर त्याचा जेमतेम लवलेश उरतो. खरा धोका बंद शेडमध्ये बाटली उघडून ‘जरासं’ ओतणाऱ्या बाईला. डोळ्यांना झोंबणारा तो वास म्हणजेच तो वायू. ज्या गटाला नाव वाचून झोप लागत नाही, त्याने हे नाव आधी काढावं. पाणी असलेल्या लिक्विडला टिकवणारं काहीतरी लागतंच, नाहीतर उन्हाळ्यात ते नासतं आणि फुगतं, तेव्हा ‘काहीच घालू नका’ असं मी म्हणणार नाही. बाजारात दुसरी प्रिझर्व्हेटिव्ह मिळतात. फक्त सोडियम बेंझोएट आंबट लिक्विडमध्येच काम करतं, आणि ‘आयसोथायाझोलिनोन’ जातीची बाटली फार प्रभावी असली तरी प्रमाण चुकलं तर हातावर जबरदस्त अ‍ॅलर्जी आणते. युरोपात त्यातल्या एकाला धुवून टाकायच्या प्रसाधनांत फक्त १५ पीपीएमची परवानगी आहे. म्हणून अंदाजाने, झाकणाने मोजून नाही; विक्रेत्याने लेखी दिलेलं प्रमाण, वजनकाट्यावर.

दुसरी वस्तू म्हणजे कॉस्टिक आणि अ‍ॅसिड स्लरी. तुम्ही यांच्याबद्दल एका ओळीत लिहून पुढे गेलात, म्हणून मला धास्ती वाटली. कॉस्टिकचा एक शिंतोडा डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. हे कॅन्सरसारखं वीस वर्षांनी नाही, त्याच दुपारी. दोन्ही बाजूंनी बंद असलेला चष्मा आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घातल्याशिवाय कुणी त्या बादलीजवळ जाऊ नये. पाण्यात कॉस्टिक थोडं थोडं टाकायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही. जर्मनच्या पातेल्यात तर मुळीच नाही, कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमला खातं आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. डोळ्यात गेलंच तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरून मगच दवाखान्यात. पाण्याची वेळ वाचवून रिक्षा शोधू नका. आणि लिक्विड कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांत भरून देत असाल, तर आजपासून बंद. लिंबाच्या वासाचं हिरवं पाणी मूल पितं. प्यायलं तर ओकारी काढायला लावायची नसते, कारण फेस श्वासनलिकेत जातो. उरलेली बाटली घेऊन सरळ डॉक्टरकडे.

आता त्या मैत्रिणीचे हात. इथे मात्र भाचेसुनेचं अर्धं म्हणणं खरं आहे. एसएलएस त्वचेला इतक्या खात्रीने चुरचुरवतं की त्वचारोगतज्ज्ञ तपासणीत मुद्दाम त्याचाच वापर करतात; एखादी त्वचा किती हळवी आहे ते त्यावरून कळतं. वरच्या थरातल्या प्रथिनांना ते चिकटतं आणि त्यांच्यामधली नैसर्गिक स्निग्धता घेऊन जातं. एकदा हात धुतल्याने काही होत नाही. एसएलईएस त्याहून सौम्य असलं तरी दिवसाचे चार-चार तास हात त्यातच असतील, तर सालं निघणारच. तरी तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय पेस्टवर नाही. स्लरी आणि कॉस्टिकचं प्रमाण डोळ्यांच्या अंदाजाने जुळवत असाल, तर एखादी बॅच फार आम्ल किंवा फार अल्कली निघते आणि हात जळतात. पीएच तपासायच्या कागदी पट्ट्या स्वस्त मिळतात. प्रत्येक बॅच ६ ते ८ च्या दरम्यान आली तरच कॅनमध्ये भरा आणि आकडा वहीत लिहा. जमलं तर स्लरी-कॉस्टिकची भानगडच सोडा. नुसत्या एसएलईएसला थोडं ‘सीएपीबी’ (दुसरा, सौम्य फेसाळ पदार्थ) जोडलं, दुकानात त्याला बीटेन म्हणतात, तर फेस टिकतो आणि मिश्रण त्वचेला मऊ पडतं. खर्च थोडा वाढेल. पण बादलीभर भीती कमी होते.

त्या मैत्रिणीला काही दिवस बाटल्या भरण्याच्या आणि हिशेबाच्या कामावर घ्या, पण तिला विचारून. नाहीतर ‘मला बाजूला काढलं’ असं तिला वाटेल. आतून सुती, वरून रबरी असे हातमोजे, रात्री व्हॅसलिनचा जाड थर. एवढं करून महिनाभरात फरक नाही पडला तर सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोग विभागात दाखवा. कदाचित दोष लिंबाच्या वासाचा किंवा प्रिझर्व्हेटिव्हचा निघेल. पॅच टेस्ट (त्वचेवर एकेक पदार्थ लावून बघायची तपासणी) केल्याशिवाय ते कुणीच सांगू शकत नाही, मी तर नाहीच.

रिठ्याबद्दल. रिठा मला आवडतो. पण त्याला फेस येतो तो सॅपोनिनमुळे, आणि सॅपोनिन हाही तेल आणि पाणी धरणारा तसलाच पदार्थ. झाडावर आला म्हणून मवाळ नव्हे. लहानपणी रिठ्याचं पाणी ज्याच्या डोळ्यात गेलंय त्याला विचारा. उकळून काढलेलं रिठ्याचं पाणी दोन-चार दिवसांत आंबतं, मग त्यालाही प्रिझर्व्हेटिव्ह लागतं. शिवाय खानावळीच्या तेलकट कढया त्याने निघत नाहीत, आणि ग्राहक एकदाच घेऊन पुन्हा येत नाही. पेस्टऐवजी साध्या साबणावर यायचं म्हटलं, तर त्याची वेगळी अडचण. तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर साबण त्यात फाटतो आणि भांड्यांवर पांढरट थर बसतो. एसएलईएस जड पाण्यातही फेस देतं, म्हणूनच ते इतकं पसरलं. रिठा-शिकेकाईची सुकी पूड वेगळी वस्तू म्हणून अवश्य विका. पेस्टच्या जागी आणू नका.

फेसाचं एक वेड आहे, त्याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. फेस जास्त म्हणजे स्वच्छता जास्त, असं गिऱ्हाईक धरून चालतं, आणि आपण त्या समजुतीला खतपाणी घालतो. फेस हे बऱ्याच अंशी दिखाऊ काम आहे. लिक्विड घट्ट दिसावं म्हणून मीठ घालतात, तेही तसंच. मिठाने एसएलईएस एका मर्यादेपर्यंत घट्ट होतं आणि त्यापुढे मीठ पडलं की पुन्हा पाण्यासारखं पातळ. ती बॅच सगळ्यांच्याच हातून एकदा तरी गेलेली असते. घट्टपणा म्हणजे ताकद नाही, हे बाजारातल्या गिऱ्हाइकाला कुणीतरी सांगायला हवं. वसतिगृहातल्या मावशींना ‘एक चमचा लिक्विड, वाटीभर पाणी’ असं दाखवून या. माल कमी खपेल म्हणून भिऊ नका. त्यांचे हात वाचतील आणि ऑर्डर टिकेल. शेडचं धुवणही उघड्या गटारात सोडू नका. एसएलईएस हवेशीर पाण्यात जिवाणू लवकर मोडून टाकतात, पण आधीच सांडपाण्याने गुदमरलेल्या ओढ्यात ते काम होत नाही. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा फेस तुम्ही फोटोंत पाहिला असेलच.

आता स्टिकर. तुम्ही विचारलंत, विकू की बंद करू? माझं म्हणणं, लिक्विड विका, स्टिकर बंद करा. तुमच्या मालात कडुनिंबाचं एक पान नाही आणि वर चित्र कडुनिंबाचं आहे. ‘केमिकलमुक्त’ तर कुठलीच बाटली नसते, पाणीही केमिकलच. तुम्ही लोकांना विष विकत नाही, ताई, पण खोटं विकताय, आणि भाचेसुनेचं बोलणं इतकं लागलं त्याचं कारण मला तरी तेच वाटतं. छापणाऱ्याकडे डिझाइन तयार होतं हे खरं असेल, तरी कॅनवर नाव तुमच्या गटाचं आहे.

‘एसएलएस-फ्री’ हा त्याहून चतुर सापळा. तुमच्या मालात एसएलएस नाही, एसएलईएस आहे. म्हणजे शब्दशः खोटं ठरणार नाही, आणि वाचणारी मात्र फसेल. मोठ्या बाजारातही हे चालतं. ‘एसएलएसमुक्त’ लिहिलेल्या बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत एसएलईएस असतं, नाहीतर ‘सोडियम कोको सल्फेट’ असतं, ज्याचा मोठा भाग लॉरिल सल्फेटच असतो. बाकी वाचकांनीही बाटली उलटी करून बघावी. आणि ज्यांना तोंडात वारंवार छाले येतात, त्यांनी टूथपेस्टच्या मागेही बघावं. नॉर्वेतल्या संशोधकांना १९९० च्या दशकात एसएलएस नसलेल्या टूथपेस्टने काही रुग्णांचे छाले कमी झालेले दिसले. नंतरच्या अभ्यासांत निकाल संमिश्र आहेत, पण करून बघायला खर्च काहीच नाही.

मग स्टिकरवर काय लिहायचं? ‘भांडी घासण्याचं लिक्विड. घटक: पाणी, एसएलईएस, बीटेन, मीठ, प्रिझर्व्हेटिव्ह, रंग, सुगंध. पाण्यात मिसळून वापरा. हात हळवे असल्यास हातमोजे घाला. मुलांपासून दूर ठेवा.’ शिवाय गटाचं नाव-पत्ता, निव्वळ प्रमाण, एमआरपी, बनवल्याचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी फोन नंबर. ही पाच पॅकबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनी मागितलेलीच आहेत. त्यात बॅच नंबर तुमच्या सोयीसाठी घाला. एखाद्या खानावळीतून तक्रार आली तर कुठल्या दिवसाचा माल ते वहीत सापडेल.

हँडवॉश आणि शॅम्पूचं मात्र थांबा. भांड्यांचं लिक्विड ही एक गोष्ट. अंगाला लावून स्वच्छ करायची वस्तू १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याप्रमाणे सौंदर्यप्रसाधन ठरते, आणि ती विकण्यासाठी बनवायला २०२० च्या नियमांखाली राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. जागेच्या अटी असतात, शिकलेली तांत्रिक व्यक्ती लागते. ‘बचत गटाला कोण विचारतंय’ असं लोक सांगतील. एखाद्या मुलाच्या अंगावर पुरळ उठलं की सगळे विचारतात. जिल्ह्यातल्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जाऊन अटी समजून घ्या. झेपत नसेल तर परवाना असलेल्या कारखान्यात तुमच्या नावाने माल बनवून घेता येतो. नफा कमी, डोकेदुखीही कमी. तोवर हँडवॉश विकणं थांबवलं तर महिन्याला किती तूट येईल, ते गटाच्या बैठकीत मांडा. मला तुमचे आकडे माहीत नाहीत, पण खानावळी आणि वसतिगृह तुम्हाला भांड्यांच्या लिक्विडवरच धरून असावेत. त्यामुळे हप्ता आणि सचोटी यांतलं एकच निवडायची वेळ आली आहे, असं मला पत्रातून तरी दिसत नाही.

त्या बैठकीला भाचेसुनेला फोनवर का होईना, घ्या. वाचायची तिला सवय आहे. सीओएचे कागद इंग्रजीत असतात, ते समजून सांगायचं काम तिच्याकडे द्या. जिने सगळ्यांसमोर दोष काढला तिने सगळ्यांसमोर थोडं कामही करावं.

आणि नातू. हो, आजच थांबवा. कॅन्सरमुळे नाही, तुमच्या हँडवॉशचा पीएच तुम्हालाच माहीत नाही, त्यात फॉर्मॅलिन आहे आणि दीड वर्षाच्या मुलाची त्वचा मोठ्यांपेक्षा लवकर कोरडी पडते. त्याला रोज साबणाची गरजही नसते. कोमट पाणी, मळलेल्या जागी मुलांसाठीचा सौम्य साबण, आणि अंग ओलसर असतानाच थोडं खोबरेल. डाळीच्या पिठाने घासत असाल तर अंगावर लाल चट्टे असताना तेही नको. कोपराच्या खोबणीत, गुडघ्यामागे खाजरे चट्टे दिसत असतील तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि आजवर हँडवॉशने अंघोळ घालत होतात हे त्यांना सांगा.